दोन कुलपांची खुर्ची

कुलूपवाल्याने सकाळी टपरीची फळी वर केली, तेव्हा शेजारच्या दवाखान्याच्या भिंतीला टेकून एक खुर्ची उभी होती. लाकडी, हातांची, पाठीला निळा रंग दिलेली आणि रिकामी. काल संध्याकाळी ती तिथे नव्हती.

त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग वाकून खुर्चीखाली. खाली काहीच नव्हतं. हेच त्याला खटकलं.

ज्याचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला, त्याचा जगावर सहजासहजी विश्वास बसत नाही. त्याच्याकडे कुणी सुखाची बातमी घेऊन येत नाही. भाडेकरू चावी न देता गेला म्हणून लोक येतात, भावाभावांत वाटण्या झाल्या म्हणून येतात, कामवाली बदलली म्हणून येतात. गल्ली त्याला काका म्हणायची, पण गल्लीतलं कुठलं घर कुणाला घाबरतं, हे काकाला त्या घरापेक्षा आधी कळायचं. त्यावरून त्याने एक साधा नियम बांधला होता. उघड्यावर, कुलपाशिवाय ठेवलेली वस्तू दिसली, तर एकतर तिचा मालक मूर्ख आहे, नाहीतर आपल्याला मूर्ख करायचं कुणाच्या तरी मनात आहे. मूर्ख मालक सहसा दुपारपर्यंत शोधत येतो. या खुर्चीचा आला नाही.

एरवी त्याने ही गोष्ट सोडून दिली असती. पण दिवस बरे नव्हते. पुढच्या महिन्यात पालिकेचा साहेब फुटपाथ पाहायला येणार होता. त्याच्या हातात लाल खडू असणार होता, आणि ज्या वस्तूवर तो फुली मारेल ती वस्तू आठवड्याभरात उचलली जाणार होती. टपरीला परवाना होता. पण परवाना कागदाचा आणि खडू साहेबाचा, तेव्हा कुलूपवाल्याची झोप उडालेली होती. टपरी गेली तर हे वय दुसऱ्या नाक्यावर बस्तान बसवण्याचं नव्हतं. अशा वेळी टपरीच्या अगदी कुशीत एक बेवारस खुर्ची येऊन बसते, हा योगायोग मानायला तो तयार नव्हता.

संशय घ्यायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. टपरीच्या मागेच चष्म्यांचं दुकान होतं. दुकानाच्या पाटीवर दोन मोठ्या काचांचा चष्मा रंगवलेला होता, आणि टपरीच्या पत्र्यामुळे रस्त्यावरून त्यातली एकच काच दिसायची. एका डोळ्याचं दुकान म्हणून लोक चेष्टा करत. त्यावरून एकदा दोघांत चांगलंच वाजलं होतं. त्याआधी ते एकमेकांना अरे-तुरे करायचे. भांडणानंतर अहो-जाहो करू लागले. अख्ख्या गल्लीत इतका मान कुणी कुणाला देत नव्हतं.

कुलूपवाला चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. आत गेला नाही.

"खुर्ची छान आहे तुमची," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली. "माझी कुठली? मला वाटलं तुमची. आज खुर्ची आली, उद्या टेबल येईल, परवा तुमचा मेहुणा येऊन बसेल."

"मला मेहुणा नाही."

"मग खुर्ची कुणासाठी आणलीत?"

यावर कुलूपवाल्याने बराच वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यातून त्याला एवढंच कळलं की खुर्ची याची असेल तर हा फार पोचलेला माणूस आहे. चष्मेवाल्यालाही कुलूपवाल्याबद्दल नेमकं तेच कळलं.

खुर्चीला हात कुणीच लावेना. हात लावला की आपली म्हणून कबूल केल्यासारखं होणार. कुलूपवाला दिवसभर एक डोळा कानशीवर आणि एक डोळा खुर्चीवर ठेवून बसला. दुपारी दवाखान्यातून एक आजी पायाचं ड्रेसिंग करून बाहेर आली. या आजीला तो नेहमी पाहायचा. रिक्षा येईपर्यंत ती भिंतीला हात लावून उभी राहायची. आज ती थेट खुर्चीकडे वळली. कुलूपवाल्याने तिला टपरीतूनच सावध केलं, की ही कुणाची आहे याचा पत्ता लागलेला नाही, बसू नका.

"खुर्ची आहे रे बाबा, विहीर नाही," असं म्हणून आजी बसली.

तिला काही झालं नाही. मात्र त्याच क्षणी रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर बसलेल्या एका मुलीने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. कुलूपवाल्याच्या हातातली कानस थांबली. ती मुलगी सकाळपासून तिथे होती, आणि तिचा चेहरा त्याला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. सगळ्या दिशांच्या बस येऊन गेल्या होत्या आणि तिला कुठलीच चालली नव्हती.

संध्याकाळी टपरी बंद करायला तो पाठमोरा झाला आणि वळून पाहतो तर खुर्ची गायब. मुलगीही गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आपापल्या जागी हजर.

जेवणाच्या वेळी बायको डबा घेऊन आली. टपरीत एकच स्टूल मावायचं. तो स्टुलावर बसून जेवायचा आणि ती बाहेर फळीला टेकून त्याचं जेवण होईपर्यंत उभी असायची. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. त्याने तिला खुर्ची, मुलगी, चष्मेवाला आणि साहेब यांची सांगड घालून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी बसू का त्या खुर्चीत जरा?"

"वेडी आहेस का? त्यांना तेच तर हवंय."

"कुणाला?"

"ते कळलं असतं तर मी असा जेवत बसलो असतो का?"

बायको फळीला टेकून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी कुलूपवाल्याने ठरवलं की हे असं येणं-जाणं बंद करायचं. त्याने सात लिव्हरचं आपलं खास कुलूप आणि हातभर साखळी काढली, आणि खुर्ची दवाखान्याच्या पाण्याच्या पाइपाला जखडून टाकली. आता नेणाऱ्याला त्याच्याकडेच यावं लागणार होतं. हे पाहताच चष्मेवाला दुकानाबाहेर धावत आला.

"तुमची नाही म्हणालात ना?"

"नाहीच."

"मग कुलूप कसं लावलंत?"

"तुमची नाही, तर तुम्हाला काय त्रास?"

चष्मेवाला विचारात पडला. त्रास काही नव्हता, पण उद्या याने गुपचूप कुलूप उघडून खुर्ची घरी नेली आणि साहेबापुढे चष्मेवाल्याचं नाव घेतलं तर? म्हणून त्याने आपलंही एक कुलूप साखळीत अडकवायचं ठरवलं. बँकेच्या लॉकरला असतात तशी दोन कुलपं. दोघं आले तरच उघडणार. ही कल्पना कुलूपवाल्याला मनातून पटली. त्याने लगेच चांगल्यातली दोन कुलपं काढून समोर ठेवली. चष्मेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तुमच्याकडून घेतलं तर दुसरी चावी तुमच्यापाशी राहील, असं म्हणून तो तडक बाजारात गेला आणि भांड्यांच्या दुकानातून एक कुलूप विकत घेऊन आला.

हा घाव वर्मी बसला. कुलूप पत्र्याचं होतं. आत लिव्हर नव्हता, होती ती नुसती लाज. केसांच्या पिनेने तो ते झोपेतही उघडू शकला असता. पण तसं म्हणावं, तर चष्मेवाल्याचा संशय खरा ठरतो. त्याने आपली चांगल्यातली कुलपं उचलून परत आत ठेवली.

त्या संध्याकाळी खुर्ची जागची हलली नाही. मुलगी रस्ता ओलांडून आली, तिने दोन्ही कुलपं पाहिली, कपाळाला हात लावला आणि निघून गेली. कुलूपवाल्याने फळीच्या फटीतून हे सगळं पाहिलं आणि समाधानाने घरी गेला.

समाधान एका रात्रीचं ठरलं. सकाळी चष्मेवाल्याच्या दारात दुसरी खुर्ची उभी होती. तशीच, निळ्या पाठीची.

चष्मेवाल्याला वाटलं, हा कुलूपवाल्याने काढलेला सूड. कुलूपवाल्याला वाटलं, हा चष्मेवाल्याने स्वतःवरचा संशय घालवायला केलेला बनाव. परस्परांवर पूर्ण अविश्वास असल्यामुळे दोघांचं लगेच एकमत झालं आणि दुसरी खुर्चीही दुकानाच्या जाळीला दोन कुलपांनी बांधली गेली. पुढच्या दिवशी लाँड्रीच्या पायरीशी तिसरी आली. तिलाही कुलपं लागली. मग चौथी आली.

"पिल्लं घालायला लागल्या की काय?" बायकोने डबा उघडता उघडता विचारलं.

आता गल्ली गप्प बसणं शक्य नव्हतं. प्रत्येकाचा आपापला तर्क होता. कुणी म्हणालं निवडणूक आली, कुणी म्हणालं खुर्च्यांच्या कंपनीची जाहिरात आहे, आणि एकाने तर खुर्चीच्या खालच्या बाजूला कान लावून पाहिला. पण सगळ्यांच्या मनात घर केलं ते लाँड्रीवालीच्या तर्काने. ती इस्त्री थांबवून सावकाश बोलली. बसमध्ये लोक काय करतात? खिडकीतून रुमाल टाकतात आणि जागा धरतात. या खुर्च्या म्हणजे रुमाल. बाहेरची कुणीतरी बडी पार्टी आहे. साहेब फुल्या मारणार, आपली बोचकी उठणार, आणि जिथे जिथे खुर्ची तिथे तिथे त्यांची दुकानं लागणार. बसथांब्यावरची पोरगी ही त्यांची पहारेकरी.

कुलूपवाल्याने ताळा करून पाहिला. सगळं जमत होतं. खुर्चीला हात लावला तर चोरीचा आळ, ठेवली तर जागा गेली. यावर त्याने विचार करून जो उपाय काढला, त्यावर त्याचा स्वतःचाही जीव जडला.

"रुमालावर माणूस बसला, तर जागा कुणाची?" त्याने विचारलं.

"बसणाऱ्याची," लाँड्रीवाली म्हणाली.

"मग बसा."

त्या दिवसापासून गल्लीने पहारा सुरू केला. दिवसाउजेडी एकही खुर्ची रिकामी राहता कामा नये, असा कुलूपवाल्याचा हुकूम होता. सकाळी पेन्शनर मंडळी, उन्हं चढली की दवाखान्यातले पेशंट, दुपारी बायका, संध्याकाळी कामावरून परतणारे. सुरुवातीला लोक पहारेकऱ्यासारखे ताठ बसायचे. दोन-तीन दिवसांत पाठी टेकल्या. मग पाय पसरले. कुणी भाजी निवडायला घेऊन येऊ लागलं, कुणी जुनी भांडणं मिटवायला. ड्रेसिंगवाली आजी रिक्षा येऊन उभी राहिली तरी उठेना. बायकोलाही त्याने दुपारच्या पहाऱ्यावर नेमलं, आणि तीही पहिल्या खुर्चीत बसून, गुडघा दाबत, गल्लीच्या बातम्या त्याला टपरीत पोचवू लागली. त्याचं जेवण झाल्यावरही ती जायची नाही. पहारा आहे म्हणायची.

कुलूपवाला मात्र ढिला पडला नव्हता. तो सगळ्यांवर नजर ठेवून होता. कोण आलं, कोण गेलं, कुणाची पिशवी कुठे आहे, कुणाचं पोर रस्त्याकडे पळतंय. पलीकडे ती मुलगी आता दोन्ही हातांनी लिहील की काय, असं लिहीत होती. शेवटी त्याच्याच्याने राहवेना. तो रस्ता ओलांडून गेला आणि बसथांब्यावर तिच्या शेजारी बसला.

"तुमचा डाव कळलाय आम्हाला," तो समोर बघत म्हणाला. "कुणासाठी लिहितेस?"

मुलगी दचकली. "काका, आत्ता सांगता येत नाही. सांगितलं की सगळं बिघडतं."

संशयी माणसाला सांगण्यासाठी याहून वाईट वाक्य तिला शोधूनही सापडलं नसतं. कुलूपवाल्याने तिला पोलीस, पालिका आणि तिचे आईवडील या क्रमाने भीती घातली. पोलिसांना आणि पालिकेला ती बधली नाही. आईवडिलांचं नाव काढताच रडकुंडीला आली आणि म्हणाली की ती विद्यापीठातली विद्यार्थिनी आहे, समाजशास्त्राची, यात वाईट काहीच नाही, उलट तुमचा फायदाच आहे. "तुमच्या टपरीपाशी सगळ्यात जास्त लोक बसतात, काका. दुसरीकडे कुठेच बसत नाहीत. आम्ही पालिकेला हेच सांगणार, की बाक इथेच बसवा."

"बाक? केवढा?"

मुलीने दोन्ही हात पसरून दाखवले.

कुलूपवाल्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. दवाखान्याची भिंत, पाइप, खुर्ची आणि टपरी. खुर्चीच्या जागी खुर्चीच मावत होती. मुलीने दाखवलेला बाक तिथे मावायचा असेल तर टपरी हलवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पार्टी कुणी बडी नव्हतीच. आपली जागा वाचवायला त्याने गावच्या गाव तिथे आणून बसवलं होतं, आणि जितकी माणसं जास्त तितकी टपरीवरची फुली पक्की होत चालली होती. खड्डा दुसऱ्याने खणला असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

तो धावतच परत आला आणि सगळ्यांना उठा म्हणाला. कुणी उठेना. काल जो माणूस उठायची बंदी करत होता, तो आज बसायची बंदी करतोय म्हटल्यावर लोकांना त्याचाच संशय आला. पेन्शनर मंडळी म्हणाली, याला फोडलेलं दिसतंय. लाँड्रीवालीने तर विचारलं, की पार्टीने तुला किती गाळे देऊ केलेत. त्याने बायकोकडे आशेने पाहिलं.

"मी नाही उठत," बायको म्हणाली. "पहिल्यांदाच तुमचा एखादा हुकूम मला आवडलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपरीत चाव्यांचा जुडगा हातात घेऊन नुसताच बसलेला असताना एक बाई आल्या. केस पांढरे, खांद्याला पिशवी, मागे ती बसथांब्यावरची मुलगी आणि तिच्यासारखीच आणखी पोरं. आणि त्यांच्या मागून, बोटांच्या चिमटीत लाल खडू धरलेला, पालिकेचा साहेब. तो ठरल्या महिन्याआधीच आला होता. कुलूपवाल्याने टपरीच्या खांबाला हात लावला, जणू कुणी ती आत्ताच उचलून नेणार होतं.

बाईंनी आधी हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. त्या समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. गावात लोकांना बसायची गरज कुठे आहे, हे शोधून पालिकेला कळवायचं काम विभागाने अंगावर घेतलं होतं. त्यासाठी पोरं सकाळी निरनिराळ्या जागी खुर्च्या ठेवत आणि संध्याकाळी उचलून नेत. लोक त्या खुर्चीचं काय करतात ते लांबून बघायचं आणि मध्ये पडायचं नाही, अशी पद्धत. शेवटी सगळं लोकांसमोर येऊन सांगायचं, तसं आज सांगतोय. "आमची इतक्या लवकर यायची इच्छा नव्हती," बाई म्हणाल्या, "पण खुर्च्या वर्गातल्या आहेत. तुम्ही कुलपं लावत गेलात, पोरं नवीन आणत गेली. आता पहिलं वर्ष जमिनीवर बसतंय."

"मग सरळ येऊन विचारायचं होतं," कुलूपवाला म्हणाला. "आम्ही काय तोंड शिवून बसलोय?"

"विचारलं होतं. गेल्या वर्षी." बाईंनी मुलीकडे पाहिलं, आणि मुलीने पायांकडे. "हिलाच पाठवलं होतं, तुमच्या भागाला काय हवं ते विचारायला. अख्ख्या गल्लीचं एकच उत्तर आलं, की काही नको. एकाने तर प्रत्येक प्रश्नाला 'तू का विचारतेस' एवढंच म्हटलं आणि शेवटी हिच्या दप्तराचं कुलूप किती तकलादू आहे ते दाखवलं."

कुलूपवाल्याला मुलीचा चेहरा ओळखीचा का वाटत होता, ते आत्ता कळलं. चष्मेवाला दारात उभा राहून प्रथमच मनापासून हसला.

साहेबाला या गोष्टींत रस नव्हता. त्याने खुर्ची पाहिली, भिंत पाहिली, टपरी पाहिली आणि खडू वर केला. बाक हवा तर ही टपरी अडचणीची आहे, हे त्याने सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं. कुलूपवाला परवाना शोधू लागला. 

"फुली मारण्याआधी एक ऐका," बाई म्हणाल्या. "बागेच्या फाटकापाशी आम्ही खुर्ची ठेवली होती. सावली, शांतता, जागा ऐसपैस. कुणी बसलं नाही. पोस्टाच्या मागे ठेवली, तिथे कुत्रंही बसलं नाही. इथे ऊन, धूळ, भोंगे, आणि इथे मुंगी शिरायला जागा नाही. असं का, हेच विचारायला आम्ही आज आलोय."

 मग खुर्चीतून आजी म्हणाली, "हा बघत असतो ना."

"कोण?"

"हा कुलूपवाला. दिवसभर डोळे वटारून बघत असतो, सगळे चोर असल्यासारखा. परवा माझा इथे डोळा लागला, पिशवी मांडीवरून घसरली, तर यानेच ओरडून उठवलं. बागेत कोण उठवणार?"

लाँड्रीवालीने मान हलवली. तिचं पोर दोनदा रस्त्यावर गेलं होतं आणि दोनदा टपरीतून हाक आली होती. पेन्शनर मंडळींनाही आठवायला लागलं. बाईंनी साहेबाला शांतपणे सांगितलं, की टपरी काढलीत तर बाक बसेल, माणसं बसणार नाहीत. त्यांच्या अहवालात हेच असणार होतं: बाक आखूड करा, टपरी राहू द्या.

साहेबाने खडूकडे पाहिलं. आणलेला खडू न वापरता परत नेणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी त्याने खुर्चीच्या वर भिंतीवर एक फुली मारली आणि सांगितलं, आखूड बाक इथे. मात्र वरून मंजुरी यायला वेळ लागेल. किती, हे विचारण्याइतकं गल्लीत कुणी भोळं नव्हतं.

कुलूपवाला खाली बसला. टपरी वाचली होती, आणि ज्या स्वभावापायी जन्मभर बायकोची बोलणी खाल्ली, त्याच स्वभावामुळे वाचली होती. यात कुठेतरी फसवणूक असली पाहिजे असं त्याला वाटलं, पण ती नेमकी कुठे ते सापडेना.

राहिल्या खुर्च्या. बाईंना त्या परत हव्या होत्या. कुलूपवाला चावी घेऊन पुढे झाला. चष्मेवाला जागचा हलला नाही.

"आधी तुम्ही उघडा," कुलूपवाला म्हणाला.

"आधी तुम्ही."

कुलूपवाल्याने आपली कुलपं उघडली. चष्मेवाल्याने खिसे चाचपले, गल्ल्यात पाहिलं, चष्म्यांच्या डब्या उघडून पाहिल्या, आणि शेवटी सगळ्या गल्लीसमोर कबूल केलं की त्याच्या चाव्या हरवल्या आहेत. केव्हा? शेवटचं कुलूप लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी. सांगितलं का नाही? कुलूपवाल्याला कळलं तर तो खुर्च्या नेईल म्हणून.

सगळे कुलूपवाल्याकडे बघू लागले. त्याने कानामागून पिन काढली, पण कुलपाला लावली नाही.

"उघडू? मागून म्हणायचं नाही, की हा उघडत होता."

चष्मेवाल्याने हातातली डबी बाजूला ठेवली. मग खाली बघून म्हणाला, "उघड."

पिन आत गेली न गेली तोच कुलूप पडलं. दुसरं पडलं. तिसरं आणि चौथं तर नुसत्या चाहुलीने पडल्यासारखं वाटलं. चष्मेवाल्याने पडलेलं एक कुलूप उचलून पाहिलं.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून उघडता येत होतं?"

"हो."

"मग उघडलं का नाहीस?"

कुलूपवाल्याला हा प्रश्नच कळला नाही. "कुलूप तुझं होतं," तो म्हणाला.

पोरं खुर्च्या डोक्यावर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर लाल फुली होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. पेन्शनर मंडळी सवयीने आली, जागा पाहून परत गेली. आजी रिक्षा येईपर्यंत भिंतीला हात लावून उभी राहिली. कुलूपवाल्याने चार वेळा त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि चारही वेळा हातातली चावी चुकीची कापली गेली.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने फुलीकडे पाहिलं, डबा फळीवर ठेवला आणि फळीला टेकून उभी राहिली. एक गुडघा किंचित वाकवून. ती नेहमी अशीच उभी राहत असणार. त्याने आजवर सगळ्यांवर नजर ठेवली होती, ही तेवढी सुटली होती.

तो उठला. टपरीतलं स्टूल उचलून बाहेर आला आणि फुलीखाली भिंतीला टेकवून ठेवलं.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"बस. पहारा आहे."

ती बसली. तो टपरीत उभ्याने जेवला. ती गेल्यावर स्टूल आत घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण दवाखान्यातून कुणीतरी लंगडत बाहेर येताना दिसलं आणि ते राहून गेलं.

थोड्या वेळाने चष्मेवाला हातातली काच पुसत दुकानाबाहेर आला. स्टूल पाहून थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वाकून स्टुलाखाली पाहिलं.

"हे कुणाचं रे?"

कुलूपवाल्याने कानशीवरून मान वर केली नाही. "काय माहीत," तो म्हणाला.

चष्मेवाला त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग आत गेला आणि साखळी घेऊन आला. टपरीच्या फळीवर त्याने पैसे ठेवले.

"एक कुलूप दे," तो म्हणाला. "चांगल्यातलं."